पुढून घुंऽऽऽ

तीन आठवडे झाले, गाडी साठच्या पुढं गेली की पुढून घुंऽऽऽ. एका गॅरेजवाल्यानं बघताक्षणीच सांगितलं, "पुढचं डिफरन्शियल गेलं, खोलावं लागंल." (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा.) आकडा ऐकून चहा न पिताच निघालो.

आज गेवराईहून बीडला येताना मिस्त्रीमामांना शेजारी बसवलं. सोलापूर-धुळे हायवे मोकळाच होता. मामा म्हणले, "आधी ते गाणं बंद कर. आता स्टेअरिंग हळूच डावीकडं दे." आवाज वाढला. उजवीकडं दिलं, जवळजवळ गप! मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून-सोडून बघितला, काडीचा फरक नाही. "डिफरन्शियल असतं तर पाय सोडला की सूर बदलला असता. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो. चाक ज्यावर फिरतं ती उजवी बेरिंग हाय."

गॅरेजात जॅकवर घेऊन एका हातानं चाक फिरवलं, दुसरा हात चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. कानाला काही नाही, पण बोटांना बारीक खरखर लागली. डावं चाक एकदम लोण्यासारखं. (चाक हलवून बघितलं तर ढिलं नव्हतं म्हणून बेरिंग मीच आधी बाद केली होती. माझं शहाणपण!)

नवी बेरिंग उद्या बसवायची. मामांनी आज पैसे घेतले नाहीत, भज्यांवर भागलं.