शेजारच्या पोरांचा हंगाम

"वहिनी, तुमची मुलं त्या कॉलेजात नाहीत, तुम्ही दोघंही तिथे शिकला नाहीत. मग त्या टीमपायी एवढा जीव का टाकता?" गणपतीला घरी कुणी नवीन आलं आणि दारावरचं पिवळं-निळं निशाण दिसलं, की हा प्रश्न येतोच. पुण्याला गेले की मावशीही हेच विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला राहतो, मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. १९२७ सालचं हे स्टेडियम, आसनं १,०७,६०१. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळं गाव आत मावेल. मॅचच्या शनिवारी या भागातले लोक आपापल्या अंगणात पैसे घेऊन गाड्या लावू देतात. पहिलं वर्ष मी खिडकीतून नुसतं बघत काढलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी एक पुठ्ठ्याचा बोर्ड आणून आमच्या कुंपणाला टेकवला आणि म्हणाले, "घरात बसून काय करतेस?" आमच्या अंगणात सहा गाड्या बसतात, दाटीवाटीने. त्या सहा गाड्यांतल्या माणसांनी मला हा खेळ शिकवला. यात बॉलला पाय क्वचितच लागतो. मला तो कळला कबड्डीमुळे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, आणि तसूतसूने जमीन मिळवायची.

नेहमीचा हंगाम अवघ्या बारा मॅचचा, सप्टेंबर ते नोव्हेंबर. एका पोराला असे साधारण चारच हंगाम मिळतात. बहुतेकांचं खेळणं तिथेच संपतं. ही पोरं रोज आमच्या गल्लीतून ये-जा करतात, आणि हातात असलेले दिवस मोजके आहेत हे त्यांना ठाऊक असतं. ते एकदा कळलं, की शनिवारी दुसरीकडे लक्ष लागत नाही.

२०२३चा हंगाम तर डोळ्यांसमोरून हलत नाही. आधीची दोन वर्षं टीम राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य फेरीत हरली होती. ब्लेक कोरमचा गुडघा २०२२च्या नोव्हेंबरात दुखावला होता. तो आणि झॅक झिंटर, दोघंही व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊ शकत होते, पण आणखी एक वर्ष थांबले. कोरम बॉल घेऊन धावणारा. झिंटर त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा, ज्याच्या हातात बॉल सहसा येतच नाही. मला खरी माया त्याचीच.

नोव्हेंबरात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा (पुढचा डाव खेळाडूंना कळवायचे इशारे) चोरल्याच्या प्रकरणात मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन मॅचसाठी मैदानावर यायला बंदी झाली. ते झाकायचं कारण नाही, आणि मला ते लागलंही. पण पोरं खेळत राहिली. पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध दुसऱ्या अर्धात जवळजवळ प्रत्येक डावाला बॉल घेऊन धावणंच चाललं होतं. जिंकल्यावर हार्बॉंच्या जागी उभे असलेले शेरॉन मूर टीव्हीवर ढसाढसा रडले. पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवून मिशिगनने एकूण १,००० विजय पूर्ण केले. तिथवर त्याआधी एकही कॉलेज पोहोचलं नव्हतं.

मग आला २५ नोव्हेंबर. समोर ओहायो स्टेट, दोघंही अपराजित. आमच्या घरी स्टेडियमचा आवाज टीव्हीवरच्या चित्राच्या आधी पोहोचतो. टचडाऊन झालं, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला, की आधी खिडकीची काच थरथरते, मग काही क्षणांनी पडद्यावर पोरगा धावताना दिसतो. तिसऱ्या सत्रात १७-१७ अशी बरोबरी होती आणि आवाज अचानक बंद पडला. लाखावर माणसं बसलेली आणि खारीचं खुडबुडणं ऐकू यावं इतकी शांतता. काय झालं ते कळेना. मग टीव्हीवर दिसलं: झिंटर खाली पडला होता, पाय मोडला होता. अख्खी टीम त्याच्याभोवती जमली. त्याला गाडीवरून बाहेर नेलं. मी ओट्याला टेकून उभी होते, हातातली पोळी तव्यावर टाकायची राहिली होती.

तेवढ्यात काच थरथरली. असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. पडद्यावर अजून पोरं रांगेत उभीच होती. मग बॉल कोरमच्या हातात आला आणि तो २२ यार्ड धावत गेला. झिंटर गेल्यानंतरचा तो पहिलाच डाव. कोरमने बोटांनी सहा आणि पाच दाखवले. झिंटरच्या पाठीवरचा आकडा ६५.

३०-२४ अशी मॅच जिंकली. पुढे १ जानेवारीला उपांत्य फेरीत अलाबामाला जादा वेळेत हरवलं आणि ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये अंतिम मॅचमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३. पंधरापैकी पंधरा. त्या रात्री कडाक्याच्या थंडीत सगळे रस्त्यावर होते, आम्हीही होतो. पण मला आठवतं ते २५ तारखेचंच.

त्या दिवशी आमच्या अंगणात क्लीव्हलँडकडून आलेल्या एका जोडप्याची गाडी होती, ओहायोचे पक्के. मॅच संपल्यावर लाल कोट घातलेले ते काका मान खाली घालून आले. मी थर्मासमधला चहा पुढे केला. ते म्हणाले, "त्या पोराच्या पायाचं काही कळलं का?"

एप्रिलमध्ये क्लीव्हलँडच्या व्यावसायिक टीमने झिंटरला निवडलं. रात्री काकांचा मेसेज आला: "तुमचं पोरगं आता आमच्या गावात आलंय. लक्ष ठेवू."