पुलाखाली किती उरलं? : डॅन्यूबच्या पुरातली आमची क्रूझ

जर्मनीतल्या पासाऊहून हंगेरीतल्या बुडापेस्टला जाणारं आमचं जहाज 14 सप्टेंबर 2024 ला अगदी वेळेवर सुटलं आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियातल्या लिंझला थांबलं ते थांबलंच. पुढचा सगळा प्रवास बसने झाला. "क्रूझला गेलात आणि एसटीने फिरून आलात होय?" असं आमच्या सांगलीत अजूनही कोणी ना कोणी विचारतं. हो, थोडंफार तसंच झालं. पण त्या गोंधळात काय विचारायचं, काय लेखी मागायचं आणि कशाची आशा सोडायची हे आम्ही हळूहळू शिकलो. आमच्या ट्रॅव्हल एजंटने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: मी, हे, माझे दीर आणि जाऊबाई. भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे नदी दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "विसर्ग किती?" पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. तिथल्या जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. सगळ्यात वरची 1501 ची, तिच्या खालची 2013 ची. त्या वर्षी जूनमध्ये पासाऊत पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. भाऊजींनी उभ्या उभ्या हिशेब केला, "बेचाळीस फूट." आणि मग आमच्या सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल, चाळीस फुटांची इशारा पातळी, पंचेचाळीसची धोका पातळी, 2019 ला सत्तावन्नच्या वर गेलेलं पाणी, असं सगळं सुरू झालं. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, इथे तरी पूर नको." पाऊस तर पडतच होता.

त्या रात्री श्लोगनचं प्रसिद्ध वळण आम्ही अंधारात आणि पावसात पार केलं, म्हणजे पाहिलंच नाही. सकाळी लिंझच्या धक्क्याला लागलो तेव्हा नदी चहाच्या रंगाची झाली होती आणि मधूनमधून अख्खे ओंडके वाहत येत होते. नाश्त्यानंतर सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं. कॅप्टन आणि क्रूझ मॅनेजर दोघंही उभे. लोअर ऑस्ट्रिया प्रांत आपत्तीग्रस्त जाहीर झाला आहे, पुढे नदीवरची वाहतूक बंद होते आहे, आपण इथेच थांबतोय.

जाऊबाईंनी विचारलेला प्रश्न माझ्याही मनात होता. पाणी जास्त असेल तर जहाज उलट नीट तरंगेल, मग अडचण काय? कॅप्टन हसला नाही, हे त्याचं कौतुक. त्याने खिडकीतून दिसणाऱ्या पुलाकडे बोट दाखवलं. नदीवरची ही जहाजं समुद्रातल्या जहाजांसारखी उंच नसतात. 135 मीटर लांब, साडेअकरा मीटरच्या आत रुंद (कारण माइन-डॅन्यूब कालव्यातली लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, 12 मीटर रुंदीची आहेत) आणि पाण्याच्या वर जेमतेम सहा मीटर. वरच्या डेकवरचे कठडे आडवे पडतात, छत्र्या मिटतात, कॅप्टनची केबिनसुद्धा लिफ्टसारखी खाली जाते. गरज पडली तर जहाजाच्या टाक्यांमध्ये पाणी भरून ते अजून थोडं खाली दाबतात. एवढं करूनही पाणी चढलं की पुलाखालची जागा संपते. नदीत पाणी किती आहे यापेक्षा पुलाखाली किती उरलंय, हा खरा हिशेब.

दुसरी अडचण लॉकची. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबवर दहा वीजप्रकल्प आहेत आणि प्रत्येक ठिकाणी जहाज लॉकमधून खाली उतरवावं लागतं. पूर आला की धरणांचे दरवाजे उघडतात आणि लॉक बंद. शिवाय मोठ्या जहाजाच्या लाटांनी भिजलेले बांध खचतात, ओंडके पंख्यात अडकतात आणि ज्या धक्क्यावर उतरायचं तोच पाण्याखाली असतो. व्हिएन्नाला एक स्विस जहाज शंभरेक प्रवाशांसह असंच अडकलं होतं. शहर समोर, आणि उतरायला वाट नाही. ती बातमी आमच्या जहाजावर पसरल्यावर कुरकुर बरीच कमी झाली. आम्ही निदान फळीवरून बाहेर तरी जाऊ शकत होतो.

वाहतूक कधी थांबवायची यासाठी डॅन्यूबवर एक ठरलेली रेषा आहे. तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली, वर्षातल्या साधारण एक टक्का दिवसांतच ओलांडली जाणारी पातळी. म्हणजे सरासरी वर्षाला तीन-चार दिवस. नकाशांवर पुलांची उंचीही त्याच पातळीपासून मोजून दिलेली असते. ऱ्हाईनवर तर चक्क आपल्यासारख्या दोन पातळ्या आहेत. कोलोनला 6.20 मीटरला पहिली खूण: जहाजांनी नदीच्या मध्यातून आणि वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवून जायचं. 8.30 मीटरला दुसरी खूण, वाहतूक पूर्ण बंद. हे ऐकून भाऊजी इतके खूश झाले की त्यांना जणू माहेरचं माणूस भेटलं.

आमच्याबरोबरचा एक प्रवासी वारंवार म्हणत होता की मग बंद पट्ट्याच्या पलीकडच्या जहाजावर का नेत नाही? त्याने 2022 मध्ये उलटा प्रकार पाहिला होता. त्या उन्हाळ्यात ऱ्हाईन आटली होती, काउब या गावाजवळ पातळी पार 32 सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. तेव्हा कंपन्या उथळ पट्ट्याच्या अलीकडे प्रवाशांना उतरवून बसने पलीकडच्या जहाजावर चढवत. दुष्काळात हे जमतं, कारण अडचण ठराविक ठिकाणी असते. पुरात पलीकडचं जहाजही बांधलेलंच असतं. फार तर एक तरंगतं हॉटेल सोडून दुसऱ्यात गेलो असतो.

लिंझच्या धक्क्यावर जागा कमी आणि थांबलेली जहाजं जास्त. त्यामुळे जहाजाला जहाज लावून बांधतात. आमची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजातली खिडकी, आणि तीत एक आजोबा पायमोजे वाळत घालताहेत. बाहेर पडायचं तर त्यांच्या जहाजाच्या लॉबीतून, त्यांच्या रिसेप्शनला हसून जायचं. रात्रभर डेकवर माणसं दोरखंड सैल करत, आवळत होती. पाणी चढेल तसं हे करावंच लागतं.

रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा बेत सांगितला जाई. पहिल्यांदा ठरलं चेस्की क्रुमलोव्ह. पण चेक बाजूलाही पूरच होता, ते रद्द झालं. मग साल्झबर्गला नेलं. गाव सुंदर, पण गारठा असा की सप्टेंबर आहे हे खोटं वाटावं. आल्प्समध्ये त्याच दिवसांत अवेळी बर्फ पडला होता. वाखाऊची द्राक्षमळ्यांची दरी, जिच्यासाठी मी ही सफर निवडली होती, ती राहिलीच. क्रेम्स आणि मेल्कचा पट्टा नेमका सगळ्यात वाईट पावसाच्या भागात. जवळच्या सांक्ट पोल्टन परिसरात त्या चार-पाच दिवसांत 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आपल्याकडच्या आंबा घाटाला हे काहीच नाही, पण तिथल्या ओढ्यांना तेवढा सोसत नाही. माणसं गेली त्यात. अशा वेळी आपला राहिलेला वाइन टेस्टिंगचा कार्यक्रम घेऊन भांडायला मला लाज वाटली. काही लोक मात्र भांडत होते.

भांडणं आणि विचारणं यात फरक आहे, आणि विचारायचं ते विचारायलाच हवं. कंपनीने दोन पर्याय दिले. जहाजावर राहा, खाणंपिणं आणि बसच्या सहली आमच्याकडून. किंवा स्वतःच्या खर्चाने निघून जा, पैसे परत नाहीत. जाऊबाईंचा भाचा म्युनिकला असतो, त्यांचा जीव तिकडे ओढत होता. मी छापील अटी काढून वाचल्या. पाणी जास्त किंवा कमी असेल तर मार्ग बदलायचा, बस किंवा हॉटेल वापरायचा कंपनीला अधिकार आहे आणि त्यासाठी भरपाई मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या अटींत हे असतं. म्हणजे निघून गेलो तर सगळेच पैसे बुडणार. राहायचं ठरलं.

मग मी रिसेप्शनला जाऊन सगळं लेखी मागितलं. कोणत्या तारखेपासून जहाज कुठे थांबलं आणि का, हे कंपनीच्या कागदावर सहीशिक्क्यासह. आम्ही वेगळे पैसे भरून घेतलेल्या ज्या सहली रद्द झाल्या त्यांची यादी आणि परताव्याची कबुली. आणि बुडापेस्टला आम्हाला कोण, कधी पोचवणार, तिथल्या रात्रीचा खर्च कोणाचा. क्रूझ मॅनेजर आधी "काळजी करू नका" म्हणत राहिली. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे, तोंडी आश्वासनावर माझा विश्वास नाही. तिथेच उभी राहिले. कागद मिळाला.

भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक गोष्ट त्या दिवशीच पाहायला हवी. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेच्या तारखा असतात आणि शिवाय किती दिवस राहता येईल हा वेगळा आकडा असतो. तारखा सहसा पंधरा दिवस जास्त दिलेल्या असतात, त्यामुळे आपण निर्धास्त राहतो. पण बंधनकारक असतो तो दिवसांचा आकडा. तिथे अडकून तो संपणार असेल तर आधीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे जाऊन मुदतवाढ मागायची. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणासाठी ती विनाशुल्क मिळण्याची तरतूद व्हिसा नियमांत आहे. मागताना पुरावा म्हणून तोच सहीशिक्क्याचा कागद उपयोगी पडला असता. आमच्याकडे शिल्लक दिवस होते, म्हणून ती वेळ आली नाही.

पाणी कधी उतरणार हे मॅनेजरला विचारून उपयोग नसतो. तिला वरून जे कळवलं जातं ते ती सांगते, तेही संध्याकाळी. ऑस्ट्रियाच्या जलमार्ग खात्याची 'डोरिस' नावाची सेवा आहे, जर्मनीची 'एल्विस'. दोन्हीकडे पाणीपातळी, बंद लॉक, बंद पट्टे, सगळं उघड असतं. भाऊजी दिवसभर मोबाईलवर वाखाऊतल्या किनस्टॉक आणि व्हिएन्नाजवळच्या कॉर्नॉयबुर्गच्या पातळ्या बघत बसत, जसं आपण जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीचे दरवाजे बघतो. जहाजावरच्या सूचनेच्या आदल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं, "बुडापेस्टपर्यंत नदी उघडत नाही. कपडे बसच्या हिशेबाने भरा."

व्हिएन्नाला बसने, वळसा घालत पोचलो. तिथे शहरातली छोटी वीन नदी फुगून मेट्रोचे मार्ग काही ठिकाणी बंद झाले होते, पण खुद्द डॅन्यूबने शहरात पाय टाकला नव्हता. त्यांनी 1972 ते 1988 या काळात मुख्य नदीला समांतर 21 किलोमीटरचं दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं लांबलचक बेट केलं. एरवी लोक तिथे पोहतात, पुरात दरवाजे उघडून पाणी तिकडे सोडतात. दोन्ही मिळून सेकंदाला 14,000 घनमीटर पाणी जाऊ शकतं. भाऊजींनी क्युसेकमध्ये आकडा काढला, जवळजवळ पाच लाख, आणि बराच वेळ गप्प राहिले. मोझार्टचं घर बघायचं राहिलं तरी चालेल, पण ते दरवाजे बघायचेच, असा त्यांचा हट्ट होता. हे आणि भाऊजी ते बघून आले. आम्ही दोघी कॅफेत बसून केक खाल्ला.

बुडापेस्टला पोचलो तर लख्ख ऊन. पाऊस थांबून बरेच दिवस झालेले, आणि नदी चढतच होती. वरचं पाणी व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत इथवर यायला वेळ घेतं. 21 सप्टेंबरला तिथे सर्वोच्च पातळी आली, सुमारे 8.3 मीटर. 2013 चा विक्रम 8.91 चा. खालचे किनारी रस्ते पाण्याखाली, मार्गारेट बेट बंद, जागोजागी वाळूची पोती. कोरड्या आभाळाखाली चढणारं पाणी बघायची आम्हाला सवय आहे, सांगलीत थेंब नसतो आणि कृष्णा चढते. बाकीचे प्रवासी मात्र चक्रावले होते. इतकं ऊन असताना जहाज का आणत नाही म्हणून ते मॅनेजरवर चिडत होते. साखळी पुलावर उभं राहून भाऊजींनी दोघा-तिघांना नदीचा लोंढा कसा सरकत येतो ते हातवारे करून समजावलं. ते ऐकून एक बाई म्हणाल्या की हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. मला ते पटलं.

पैशांचं सांगते. विम्याकडून काही मिळालं नाही. व्हिसासाठी लागतो तो 30,000 युरोंचा विमा आजारपणाचा असतो. आमच्या पॉलिसीत विमानाला उशीर, सामान हरवणं असंही होतं, पण 'जहाज जागचं हललं नाही' हे कुठल्याच रकान्यात बसेना. जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण असल्यामुळे राहायची सोय झाली होती, मग खंड कसला, असं त्यांचं उत्तर आलं. पॉलिसी घेण्याआधी मार्ग बदलणं आणि बंदर चुकणं यांना संरक्षण आहे का, हे विचारा. रद्द सहलींचे पैसे कंपनीकडून कार्डावर परत आले. एजंट म्हणत होता की कंपनी काहीच देत नाही. मी त्याला वगळून सहीच्या कागदासह थेट ईमेल केली, तेव्हा पुढच्या सफरीसाठी सवलतीचं पत्रही आलं.

ते पत्र वापरायचं कसं यावर घरात एकमत नाही. मी पुराशिवायचा महिना शोधत होते, पण डॅन्यूबचे मोठे पूर ऑगस्ट 2002, जून 2013, जून 2024 आणि मग हा सप्टेंबर असे विखुरलेले आहेत, आणि शरद ऋतूत उलट पाणी कमी पडायची भीती. भाऊजींना परत डॅन्यूबच हवी आहे. जाऊबाई म्हणतात, वाखाऊ रेल्वेनेही दिसते.