घरची खरी की इन्स्टावरची?

‘सर, पोरगी घरी एक अन् इन्स्टावर दुसरीच. खरी कोणती समजावी?’ गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-आरमोरी भागात प्रथम वर्षाच्या मुलांना समाजशास्त्र शिकवतो, म्हणून पालक मला हे नेहमी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, दोन्ही खऱ्या.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकातच मांडलं होतं की समोर कोण आहे ते पाहून माणूस भूमिका वठवतो, पडद्यामागे तो वेगळा असतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धान निघालं, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली की आपल्याकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. रात्रीचा खलनायक सकाळी टपरीवर चहा पिताना दिसला, तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

पोरांची अडचण प्रेक्षकांची आहे. मामा, दादाचे मित्र, शाळेतल्या बाई, होस्टेलची मैत्रीण आणि कुठला तरी अनोळखी मुलगा, सगळे एकाच वेळी बघत असतात. एका विद्यार्थिनीने मला तिचा मोबाइल दाखवला. डीपीवर चेहरा नाही, फक्त मेंदीचा हात. स्टोरी गावातल्या एकेका नावापासून हाइड केलेली. उरलेलं ‘क्लोज फ्रेंड्स’च्या हिरव्या रिंगमध्ये, मोजक्या मैत्रिणींपुरतं. आणि एवढं लपवलेलं काय, तर बसस्टँडवर जीन्स घालून समोसा खातानाचा फोटो! गावात त्यावरूनही चर्चा होते, आणि चर्चा झाली की पोरीचं शिक्षण थांबू शकतं. ती जपून वागते, खोटं नाही.

मुलं मित्राच्या बुलेटवर बसून फोटो काढतात, फिल्टर लावतात. ते वय आहे, जाईल.

मला लागतं ते आडनावाचं. कित्येक प्रोफाइलवर आडनावच नसतं. एकाने सांगितलं, ‘आडनाव टाकलं का पहिला मेसेज येते, कोन्या समाजाचा म्हणून.’ घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या पोराला अर्धं नाव घेऊन वावरावं लागतं, याचा दोष मोबाइलला देता येणार नाही, तो आपला आहे. काही जण मुद्दाम बायोमध्ये ‘जय भीम’ किंवा गोंड समाजातला ‘जय सेवा’ लिहितात. त्यांचा मला अभिमान वाटतो. पण ते धाडस प्रत्येकाने दाखवावंच, असं म्हणायचा हक्क मला नाही.

‘मग मी तिला फॉलो करू का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. तिलाच विचारा, नको म्हणाली तर राहू द्या. खरा धोका वेगळा आहे. कोणी तिचे फोटो उचलून खोटं अकाउंट काढतो, कोणी फोटोवरून धमकावून पैसे मागतो. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी 1930 हा सरकारी क्रमांक आहे, पोलीस ठाणंही आहे. पण मुली तिथवर जातच नाहीत, घरी कळलं तर कॉलेज सुटेल या धास्तीने. म्हणून असं काही झालं तर तुझा मोबाइल काढून घेणार नाही, कॉलेज बंद करणार नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा, काही घडण्याआधी.