मागची डावी स्प्रिंग आणि दाजीपूर ते राधानगरी

देवगडला आम्ही गेलो ते आंब्यासाठी. कुणकेश्वरचं दर्शन झालं, विजयदुर्गाच्या तटावरून फिरलो, दोन्ही वेळा मासे खाल्ले, मे महिन्याच्या घामट उकाड्यात आईला झेपेल तेवढं फिरवलं. त्या सगळ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते परतीच्या वाटेवरच्या दाजीपूर ते राधानगरी एवढ्याच रस्त्याबद्दल. आमच्या गाडीची मागची स्प्रिंग तुटली आणि हा सगळा पट्टा मी तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी चालवत पार केला.

देवगडहून सांगलीला यायला आम्ही फोंडा घाट धरतो. नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा, फोंडाघाटच्या बाजारात चहा घ्यायचा, घाट चढला की दाजीपूर. गगनबावड्याच्या रस्त्यापेक्षा मला हा आवडतो. सावली जास्त, आणि घाई करणारे कमी. डिकीत हापूसच्या पेट्या होत्या, काही आमच्या, काही शेजाऱ्यांनी सांगितलेल्या. मागे आई आणि मुलगा, पुढे नवरा, गाडी मी चालवत होते.

घाटाच्या शेवटच्या वळणांमध्ये एका खड्ड्यातून चाक बाहेर आलं आणि मागून धाडकन आवाज झाला. टायर फुटला असं वाटलं, पण स्टिअरिंग जड झालं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर प्रत्येक खाचेला कट्ट, कट्ट असं लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं ऐकू यायला लागलं. माथ्यावर रस्ता रुंद झाला तिथे थांबले. चारही टायर धड. पण गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसली होती. उजव्या बाजूला चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटं जात होती, डाव्या बाजूला दोनसुद्धा जाईनात.

आमच्या दोन्ही फोनना रेंज नव्हती. नवरा मागे चालत गेला, तेव्हा एका वळणावर दोन काड्या मिळाल्या. विम्यासोबत घेतलेल्या मदतसेवेला फोन लागला. पलीकडच्या मुलीने आधी पिनकोड विचारला, मग जवळची मोठी खूण. दाजीपूरचं जंगल ही खूण तिच्या यादीत बसेना. बऱ्याच वेळाने कळलं की गाडी उचलणारी क्रेन कोल्हापूरहून येणार, चार तास लागतील आणि ठरावीक अंतराच्या पुढचे साडेआठ हजार आम्ही भरायचे. त्या मुलीवर माझा राग नाही. पण घाटात अडकलेल्या माणसाला पिनकोड विचारायची पद्धत ज्यांनी बसवली त्यांच्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तेवढ्या रेंजमध्ये दोन नातेवाइकांचे सल्लेही घेऊन झाले. एक म्हणाले, स्प्रिंगचं काही नसतं, आरामात चालव, घरी येऊन बघू. दुसरे म्हणाले, एक इंचही हलवू नकोस, चाक निखळून पडेल. दोघांनीही ठामपणे सांगितलं. पण कुठलं चाक, पुढचं की मागचं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

ते विचारलं चिऱ्यांच्या ट्रकवाल्याने. कोकणातून जांभा चिरा भरून घाट चढणारे ट्रक या रस्त्याला नेहमी दिसतात. त्यातला एक आमच्या पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून आला, पन्नाशीचा माणूस, खांद्यावर टॉवेल.

"काय झालंय ताई? आवाज कुठल्या अंगानं येतोय?"

"मागनं. डाव्या बाजूनं."

"वळताना येतोय का खड्ड्यात?"

"खड्ड्यात."

त्याने टॉवेल रस्त्यावर अंथरला आणि उताणा पडून सरळ गाडीखाली सरकला. क्लीनर मोबाइलचा उजेड धरून बसला. आत हात घालून त्याने काहीतरी हलवलं, ओढलं, आणि बोटाएवढ्या जाडीचा, विळ्यासारखा वाकडा लोखंडी तुकडा बाहेर काढला.

"स्प्रिंग मोडलीया. पार तळचा वेढा गेलाय. वरची धड हाय आणि वाटीत बसलीया." मग उठून हात पुसत म्हणाला, "पुढची असती तर तुमास्नी जागचं हलू दिलं नसतं."

असं का, ते त्याने पुढच्या चाकाजवळ बसून दाखवलं. पुढची स्प्रिंग शॉकअपच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळकांड्याच्या भोवती गुंडाळलेली असते आणि तिची खालची वाटी, म्हणजे ती बसते ती बैठक, टायरच्या अगदी लगत असते. ती तुटली की टोकदार शेवट बाहेर सरकतो आणि टायरची बाजू फाडू शकतो, चालत्या गाडीत. आमच्यासारख्या छोट्या गाड्यांत मागची रचना वेगळी. तिथे स्प्रिंग आतल्या बाजूला, आडव्या दांड्यावर, शॉकअपपासून सुटी उभी असते आणि टायर तिच्यापासून लांब असतो. तिथे भीती वेगळीच. चाक खड्ड्यात खाली लोंबकळलं की स्प्रिंगवरचा भार सुटतो. अशा वेळी तुटकी, आखूड झालेली स्प्रिंग वाटीतून सरकू शकते. म्हणजे दाबापेक्षा मोकळं सुटणं वाईट. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि ऐकताक्षणी पटलं.

"ब्रेकर आला की तिरकी घालू नगा," तो म्हणाला. "सगळी तिरकी घालत्यात, खालनं घासू नये म्हणून. तिरकी घातली की एक चाक लोंबतंय. तुमी सरळ घाला, दोन्ही चाकं एकदम, चालत्या माणसाच्या चालीनं. ब्रेक ठणकून मारू नगा. आन् गाडी रिकामी करा."

मग पेट्या उतरवल्या. त्याने क्लीनरला केबिनमध्ये जागा करायला सांगितली. उरलेल्या पेट्या मागे चिऱ्यांवर पोती टाकून बसवल्या. आपला माल वेळेत पोचवायचा होता त्याला, मालकाचे दोन फोन येऊन गेलेले मी ऐकले होते. थोड्या वेळाने कोल्हापूरकडे जाणारी एसटी आली. त्यानेच हात करून थांबवली आणि कंडक्टरला काय झालंय ते सांगितलं. आई, मुलगा आणि नवरा एसटीत बसले. आईचं वय पंचाहत्तरच्या पुढे, त्यामुळे तिला तिकीट नाही. आधार कार्ड दाखवून ती खिडकीशी बसली आणि मला खिडकीतून ओरडून सांगत राहिली की हळू ये. नवरा मी चालवतो म्हणत होता, पण आमच्यात हलकी मी, आणि घाट चढताना गाडीचा अंदाज माझ्या हाताला आला होता.

"तुमी पुढं व्हा," ट्रकवाला म्हणाला. "मी मागं हाय."

तो खरोखरच मागे राहिला. भरलेला ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चालू ठेवून, राधानगरीपर्यंत. भरल्या ट्रकला त्या चालीत किती डिझेल लागतं याची कल्पना ज्यांना आहे त्यांनाच हे काय केलं ते कळेल.

पहिल्या काही किलोमीटरमध्ये मी काचा खाली करून फक्त कान देत होते. कट्ट आवाज थांबला होता, कारण आपटणारा तुकडा बाहेर निघाला होता. त्याऐवजी मऊ, दबका धप्प येत होता. डाव्या वळणांना गाडी ठीक असायची. उजव्या वळणांना सगळा भार डावीकडे जायचा आणि मागचा कोपरा असा खाली जायचा की पोटात कालवायचं. काटा वीसच्या आसपास. आरशात ट्रकचं पुढचं तोंड. ओलवण मागे पडलं. जंगलाच्या सावलीत दोन गवे रस्त्याच्या अगदी कडेला उभे होते. राधानगरीचं अभयारण्य गव्यांचंच, एरवी मी गाडी थांबवून बघितले असते. आता फक्त एकच विचार होता, हे रस्त्यावर येऊ नयेत, कारण जोरात ब्रेक मला चालणार नव्हता. ते हलले नाहीत. मी त्यांच्या बाजूने इतक्या हळू गेले की त्यांच्या पायाचे पांढरे मोजे नीट दिसले.

मागून येणाऱ्या गाड्यांचा त्रास झाला, आणि तो लिहायलाच हवा. ट्रकचे इंडिकेटर दिसत असताना, पुढे एक गाडी वाकडी होऊन चाललेली दिसत असताना लोक हॉर्नवर हात ठेवून बसत होते. सुट्टीला निघालेले लोक, गाडीत गाणी लावलेली. एकाने बाजूला आल्यावर काच खाली करून ओरडून विचारलं, चालवता येत नाही का. इतक्या गाड्यांपैकी "काही मदत हवी का" म्हणणारे एकच जोडपं निघालं, दुचाकीवरचं.

आणि स्पीडब्रेकर. गावं आली की ते सुरू झाले. आपल्याकडच्या रस्ते मानकांत स्पीडब्रेकर कसा असावा हे लिहिलेलं आहे. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, त्यावर पट्टे रंगवलेले आणि ४० मीटर आधी फलक. असा स्पीडब्रेकर गाडी सरळ घातली तर पाळण्यासारखा वर घेतो आणि खाली ठेवतो. त्या संध्याकाळी मला भेटले ते हातभर रुंदीचे, काटकोनात उठलेले डांबराचे उंचवटे. ना रंग, ना फलक. सरळ घातलं तर पोट घासतं, तिरकं घातलं तर चाक लोंबतं. प्रत्येक ठिकाणी मी जवळजवळ थांबून, क्लच अर्धा सोडून, पुढची चाकं चढवायची, उतरवायची, मग श्वास धरून मागची. शाळेसमोर ब्रेकर हवेतच, त्याला माझा विरोध नाही. पण हे जे घातलेत ते स्प्रिंगा मोडायला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला फेकायला घातलेत. रुग्णवाहिकेत झोपलेल्या माणसाचं काय होत असेल?

फेजिवडे आलं, डावी-उजवीकडे दिवे दिसायला लागले आणि राधानगरी लागलं. स्टँडवर नवरा वाट बघत होता. ट्रकवाल्याने पेट्या उतरवून दिल्या. पैसे घेईना. चहाला थांबा म्हटलं तर आधीच उशीर झालाय म्हणाला. तुटका तुकडा मात्र आठवणीने माझ्या हातात दिला. "मिस्त्रीला दावा. जोडून बघू द्या, आत काय ऱ्हायलं नाही ना ते कळंल." जाताना त्याने नंबर दिला आणि गाडी झाली की कळवा म्हणाला.

मिस्त्रीने सकाळी गाडी वर घेतली. शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, दांडा खाली आला आणि स्प्रिंग हाताने बाहेर निघाली. तुकडा जोडून पाहिला, बरोबर बसला. मग त्याने तुटलेला काप मला उजेडात धरून दाखवला. अर्धाअधिक भाग काळपट, गंजलेला. उरलेला नवा, चकचकीत, दाणेदार. म्हणजे तडा जुना होता. काळा भाग कित्येक महिन्यांपासून फाटत आलेला, चकचकीत तेवढा काल घाटात तुटला. आमची गाडी आधी रत्नागिरीत समुद्राजवळ होती. खडे उडून स्प्रिंगचा रंग टवकतो, खारी हवा तिथे गंज धरते, आणि तळच्या वाटीत पाणी-चिखल साचतो, म्हणून तळचाच वेढा बहुतेक जातो. शिवाय गाडीची उंची वाढावी म्हणून आधीच्या मालकाने वेढ्यांमध्ये रबराचे जाड पॅकिंग घातलेले निघाले. मिस्त्रीचं म्हणणं, रबर घातलेला वेढा दबत नाही आणि त्याचं काम शेजारच्या वेढ्यांवर पडतं. त्याने ते काढून टाकले. ज्या गॅरेजने गाडी विकत घेण्याआधी आम्हाला तपासून दिली होती, त्यांच्या कागदावर सस्पेन्शनपुढे बरोबरची खूण आहे. चाक काढून कुणी पाहिलं होतं का, हे मी त्यांना विचारलं. उत्तर आलेलं नाही.

नवीन स्प्रिंगा कोल्हापूरहून दुपारी वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपने आल्या. एकच मोडली असली तरी दोन्ही बदलायच्या, नाहीतर नवी बाजू उंच आणि जुनी खाली राहते आणि गाडी वळणावर दोन तऱ्हांनी वागते. दोन स्प्रिंगा आणि मजुरी मिळून चार हजारांच्या आत काम झालं. साध्या विम्यात अशी मोडतोड बसत नाही, तेव्हा ते आमचेच.

सांगलीला पोचल्यावर ट्रकवाल्याला फोन केला. मी आभार मानायला सुरुवात केली, त्याने मध्येच थांबवलं.

"दोन्ही बदलल्या न्हवं?"

"हो, दोन्ही."

"मग पुढच्या बी उघडून बगा. त्या बी त्याच हवेतल्या हायत."

शनिवारची वेळ घेतली आहे, आणि चाकं माझ्यासमोर काढा असं आधीच सांगून ठेवलंय.