आमची वाटचाल : चिखलातल्या कॅसेटी

चिपळूणच्या बाजारपेठेत आम्ही व्हिडिओ शूटिंगची पाटी लावली तेव्हा खांद्यावर पॅनासोनिकचा एम ९००० कॅमेरा असलेल्या माणसाला मांडवात नवरदेवाच्या खालोखाल मान होता. मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या, त्याच्यामागे वायर सोडवत चालणारा दुसरा. लग्नं, शिमग्याच्या पालख्या, नमन, जाखडी, शाळांची गॅदरिंगं, सगळं व्हीएचएसवर, म्हणजे त्या जाड्या व्हिडिओ कॅसेटवर. शूटिंग माझं आणि यंत्रं दादाची. दादा म्हणजे माझा भागीदार, मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा. व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसायला कोणी कापूस घेतला की तो हातावर फटका मारायचा. मऊ कातड्याची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पट्टी जागेवर धरून हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड गेलं. आज दादा नाही, पण त्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा माझ्या टेबलावर आहे आणि त्याला इतर कोणी हात लावत नाही.

पुढे मिनी डीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट आली, डीव्हीडी आली, मोबाईल आला. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. शूटिंग कमी झालं आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम वाढलं. पोरं मुंबईत नाहीतर आखातात, आणि आईबापाचं लग्न सगळ्यांना मोबाईलवर पाहायचं.

कोकणात या कामाचा पहिला शत्रू म्हणजे ओल. माळ्यावरच्या ट्रंकेतली कॅसेट उघडली की रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेच. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर. म्हणून साफसफाईचा व्हीसीआर वेगळा आणि कॅप्चरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, वेगळा. कॅप्चरला जेव्हीसीचा एस-व्हीएचएस डेक, म्हणजे वरच्या दर्जाचा व्हीसीआर, आणि मध्ये टीबीसी, म्हणजे डगमगणारं चित्र स्थिर करणारं यंत्र. टीबीसी नसेल तर मांडवाचे खांब नागमोडी दिसतात आणि मधल्या फ्रेम, म्हणजे चित्रं, गळतात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. ते शेवटचे बनवणारे होते, त्यामुळे आता पार्टसाठी मुंबईच्या चोरबाजारातून बंद पडलेले डेक आणून फोडायचे, एवढाच मार्ग उरला.

आता ज्याचं नाव मी घेणार नाही त्याच्याबद्दल. आमच्याच टेबलावर काम शिकला, दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं आणि निम्म्या दरात घेऊ लागला. दर कमी असण्याचं मला काही नाही. पण टीबीसी नाही, जुन्या व्हिडिओतल्या एकाआड एक ओळी (इंटरलेस) तशाच ठेवलेल्या, हात हलला की कडांना कंगव्याचे दात, आणि चौकोनी चित्र टीव्हीभर ताणून दिलेलं. नवरीचा चेहरा तव्यावरच्या घावनासारखा पसरलेला. गिऱ्हाईक म्हणतं, "त्याच्याकडे फुल स्क्रीन येतं, तुमच्याकडे बाजूला काळं का?" अहो, मूळ चित्र ४:३चंच, म्हणजे चौकोनीच आहे!

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. २००५च्या २६ जुलैच्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि लोकांचा माल त्या खुणेच्या वरच ठेवायचा, हा दादाचा नियम. या वेळी पाणी खुणेच्याही वर गेलं. कोरोनामुळे न नेलेल्या कॅसेटी फळ्यांवर पडून होत्या. त्या सगळ्या चिखलात. डेक, कॉम्प्युटर, टीबीसी, काही उरलं नाही. आणि त्याच आठवड्यात बोभाटा झाला की आमच्याकडच्या कॅसेटी डंपरमधून कचऱ्यात गेल्या. बोभाटा कुठून झाला ते मला माहीत आहे. लोक शटरसमोर येऊन भांडून गेले.

सावर्ड्याचे गुरुजी तेवढे भांडायला आले नाहीत. त्यांच्या वाडीच्या नमनाच्या आणि पालखीच्या कॅसेटी आमच्याकडे होत्या, वर्षानुवर्षांच्या. म्हणाले, "काय लागेल ते सांगा." मी सांगितलं, डिस्टिल्ड वॉटर. ते जिथे मिळतं ती शहरातली बॅटरीची दुकानंही बुडालेली, म्हणून त्यांनी बाहेरून कॅन आणले आणि स्वतः रिक्षातून उतरवले.

भिजलेली कॅसेट उन्हात वाळवायची नाही, हे लोकांना पटतच नाही. चिखल सुकला की टेपचे थर चिकटतात, मग ती सुटत नाही. आम्ही कॅसेटी स्वच्छ थंड पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवल्या. मग एकेक घ्यायची, खालचे पाच स्क्रू काढायचे, कोणतं रीळ कुठल्या बाजूचं त्याची खूण करायची, टेप हाताने गुंडाळत डिस्टिल्ड पाण्यातून काढायची आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायची. हेअर ड्रायर अजिबात नाही. मग रीळ कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात. कर्जाने आणलेल्या जुन्या डेकवर ती एकदा फिरवायची, हेड पुसायचं, मगच कॅप्चर. गुरुजींच्या एका कॅसेटच्या सुरुवातीला पडद्यावर नुसते पांढरे ठिपके होते, आणि मग एकदम मृदंग वाजला. "हा आमचा म्हातारा," गुरुजी ओरडले. त्यांचे वडील वाजवत होते. बहुतेक कॅसेटी निघाल्या. ज्यांच्या निघाल्या त्यांतले बरेच जण पुन्हा स्वस्तवाल्याकडेच गेले, तो भाग वेगळा.

दुकान आता दुसऱ्या मजल्यावर आहे. लोक फाइल घेऊन लगेच यूट्यूबवर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात की आवाज गेला. त्या काळी आम्हीच मिक्सिंग करताना वरातीवर सिनेमाची गाणी घालायचो. यूट्यूब ती गाणी ओळखतं, मग कधी आवाज बंद, कधी हक्काचा दावा. म्हणून आम्ही दोन फाइली देतो: एक जशीच्या तशी घरात ठेवायला, दुसरी गाण्याच्या जागी सनई घातलेली, चढवायला. घरचं लग्न असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा, लिंक नातेवाइकांनाच द्या. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवून वर ती जपली असं समजू नका, तिथे ती चेपली जाते. डीव्ही या फाइल-प्रकारात घेतलं तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात, तेव्हा हार्ड डिस्क घेऊन या, पेन ड्राइव्ह नको. आणि कॅसेट फेकू नका.

चाकरमान्यांना एक विनंती. गणपतीला येताना कॅसेट आणून विसर्जनाआधी मागू नका. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, आणि त्या आठवड्यात आमच्याही घरी गणपती असतो.