दोऱ्याची शेपटं आणि बाबांचा बेल्ट

लेदरचं मशीन घेतलं तेव्हा वाटलं होतं की सरळ रेषेत शिवता आलं की झालं, पण सरळ शिवणं आठवड्याभरात जमलं, खरं डोकं खाल्लं ते शेवटी लोंबणाऱ्या दोन शेपटांनी. पहिला बेल्ट बाबांसाठी केला, टॅन रंगाचं चामडं, काळा दोरा, आणि शेवटाला मी काय केलं तर रिव्हर्सचं बटण दाबून चार-पाच टाके मागे घेतले, कारण ब्लाउज शिवताना तेच करतो ना आपण! वर उरलेल्या टोकांना लायटर लावला. बकलजवळ टाक्यांचा एक जाडा गोळा झाला आणि त्याच्या भोवती काजळीचा डाग. बाबा म्हणाले छान आहे. बाबा सगळ्यालाच छान म्हणतात.

कापडाचं बरं असतं, सुई गेली की विण परत जवळ येते. लेदरच्या सुईला धार असते, ती चामडं कापतच आत जाते आणि पडलेलं भोक बुजत नाही. रिव्हर्सला सुई जुन्या भोकात न जाता अर्धा मिलिमीटर बाजूला पडली की एकाची दोन भोकं होतात, आणि अशी चार-पाच जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटायला लागतं.

आमच्या इथे एक बॅग दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांना बेल्ट दाखवला तर आधी हसले आणि मग म्हणाले, "ताई, दोरा जाळायचा होता की चामडं?" मग स्वतःच्या मशीनवर करून दाखवलं. शेवटचे टाके यायच्या आधी मशीनच्या पेडलवरून पाय काढला आणि चाक हाताने फिरवत २-३ टाके बरोब्बर जुन्याच भोकांत मागे टाकले, एकेक भोक बघून. मग दोन्ही दोरे बोटभर ठेवून कापले, काम उलटं केलं, आणि खालचा म्हणजे बॉबीनचा दोरा हळूच ओढला. वरच्या दोऱ्याची एक छोटी कडी मागे डोकावली, ती आरीच्या टोकाने पकडून अख्खं टोक मागे खेचून घेतलं. एवढंच! मी तोपर्यंत वरचं टोक वरच जाळत बसले होते. सुरुवातीला पण दोन्ही टोकं बोटात धरूनच पहिले टाके घ्यायचे, नाहीतर खाली गुंता होतो आणि तो उसवताना परत भोकं मोठी होतात.

जाळायचं पण एक तंत्र आहे. आधी दोरा कुठला ते बघा, नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तरच वितळतो, सुती दोरा नुसता जळून राख होतो, त्याला गाठ आणि वर थेंबभर गोंद. नायलॉनचं टोक २ ते ३ मिलिमीटर ठेवायचं आणि ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाजवळ न्यायचं, ज्योतीत नाही, पिवळ्या टोकाला तर अजिबात नाही, काजळी तिथलीच असते. दोरा आपोआप आक्रसून मण्यासारखा होतो, तो गार व्हायच्या आत चमच्याच्या पाठीने दाबायचा. बोटाने नाही. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. आता मी सोल्डरिंग आयर्न वापरते, म्हणजे वायरी जोडायला वापरतात ते विजेवर टोक तापणारं हत्यार, दुकानात मिळतं ते साधंच, काजळीचा प्रश्नच मिटला.

पण माझं म्हणाल तर निम्मं काम मशीनवर बसायच्या आधीच होतं, म्हणजे शिलाई कुठून सुरू करायची ते. मी पाकिटाला कोपऱ्यापासून सुरू करायचे, का तर सोयीचं पडतं म्हणून, आणि नजर नेमकी तिथेच जाते. आता आतल्या खिशाच्या पट्टीखाली सुरू करते आणि तिथेच संपवते. अस्तर असेल तर अस्तर चिकटवायच्या आधीच शिवून टोकं दोन थरांच्या मध्ये गाडून टाकते, मग गाठ कितीही वेडीवाकडी असो. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, ते पारंपरिक पद्धतीत चामड्याच्या वादीनेच शिवतात, दोरा नाही की लायटर नाही.

पांढऱ्या दोऱ्याचं मात्र मला अजून जमलेलं नाही. कितीही जपून वितळवला तरी टोक तपकिरी होतंच, म्हणून त्याला मागे गाठ मारून गोंद लावते. बाबांना नवीन बेल्ट करून दिलाय, पांढऱ्या दोऱ्याचाच, तो कपाटात आहे. ते अजून तोच काजळीवाला घालतात.