‘किरकोळ’ नावाचा डबा

लेगोचे ठोकळे नीट लावून ठेवण्याची हुक्की मला पहिल्यांदा आली तेव्हा मी ते रंगाप्रमाणे लावले. लाल, पिवळे, निळे, पांढरे, काळे असे डबे ओळीने मांडल्यावर कपाटाला अशी काही शोभा आली की मी येता-जाता ते उघडून पाहू लागलो. आठवड्याभरातच मुलीने काळ्या रंगाची एक बिजागरी मागितली. काळ्या डब्यात पाहिले तर सगळे काळ्यावर काळे. बोटांना लागेल ते वर काढायचे, उजेडात धरायचे आणि परत टाकायचे. शेवटी तो डबा जुन्या चादरीवर उपडा करावा लागला. तेव्हा लक्षात आले की डोळ्याला रंग क्षणात दिसतो, आकार मात्र शोधावा लागतो; म्हणून डब्याने आकार वेगळा करावा आणि रंगाचे काम डोळ्यावर सोडावे. सगळ्या रंगांच्या बिजागऱ्या एकत्र टाकल्या, तर त्यांतली काळी आपणहून पुढे येते.

आकाराप्रमाणे लावायचे ठरवले तरी थांबायचे कुठे, हे कोणी सांगत नाही. नेहमीचा ठोकळा वरची बटणे सोडून ९.६ मिलिमीटर उंच आणि पातळ पट्टी ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक बसवल्या की एक ठोकळा होतो. हे दोन वर्ग कोणालाही जमतात. पुढे बटणे नसलेल्या गुळगुळीत फरशा, उतरते तुकडे, चाके आणि यांत्रिक जोडणीच्या खिळ्या येतात. या खिळ्यांनी मला चांगलाच धडा शिकवला. काळी खिळी भोकात घट्ट बसते आणि फिकट करडी सैल फिरते, पण लांबीला दोन्ही सारख्याच असल्याने मी त्या एकाच कप्प्यात टाकल्या होत्या. परिणामी मुलीच्या पवनचक्कीची पाती कितीही फुंकर मारली तरी हलेनात, आणि ती दुरुस्त करायला अर्धी पवनचक्की सोडवावी लागली.

कप्प्यांच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे: खोल डबा फक्त मोठ्या ठोकळ्यांसाठी, बाकी सगळे उथळ खणांत. सपाट तळाच्या खणात एका बटणाएवढी गुळगुळीत फरशी पडली, तर ती नखाने उचलता उचलता माणूस मेटाकुटीला येतो. खण तिरका करून ती भिंतीवर घसरवत आणली, तरच चिमटीत सापडते. वाटीसारख्या गोल बुडाच्या कप्प्यात हा त्रास होत नाही. खणावर नाव लिहिण्यापेक्षा आतला एक तुकडाच बाहेर चिकटवावा, कारण या तुकड्यांची नावे घरोघरी वेगळी असणार. आमच्याकडे छोट्या उतरत्या तुकड्याला ‘कौल’ म्हणतात आणि टोकाशी वळलेल्याला ‘नख’. “बाबा, चार कौलं आणि एक नख दे,” ही मागणी बाहेरच्या माणसाला काय कळणार? कपाट मात्र उन्हापासून दूर असावे. खिडकीपाशी राहिलेले माझे पांढरे ठोकळे आता हस्तिदंती झाले आहेत.

एकाच रंगाचे, दोन बाय चार बटणांचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. ठेवण्याच्या दृष्टीने मात्र हे सहा ठोकळे अगदी गुणी असतात. एका डब्यात निमूट पडून राहतात. खरा जीव खातात ते एकुलते एक तुकडे: पारदर्शक काच, कुठल्याशा जहाजाची साखळी, बाहुलीचा सुटा हात. त्यांना टाकूनही देता येत नाही, आणि याला कारण १९५८ साली डेन्मार्कमध्ये पेटंट झालेली ती रचना आहे. ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवल्याने वरची बटणे घट्ट धरली जाऊ लागली आणि ते माप पुढे बदलले नाही, त्यामुळे त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. जी वस्तू कधी जुनीच होत नाही ती टाकण्याचे निमित्त तरी काय सांगायचे? म्हणून एका डब्यावर मी ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावली.

खेळायला बसताना मुलगी आधी तोच डबा चादरीवर ओतते. माझे उथळ खण, चिकटवलेले नमुने, काळ्या-करड्या खिळ्यांची फारकत यांच्याकडे तिचे लक्ष नसते. ती त्या ढिगात हात फिरवत राहते आणि खळखळाट घरभर ऐकू येतो. काय शोधते आहेस, असे विचारले तर म्हणते, “सापडलं की सांगते.” खेळ संपला की चादरीची चार टोके धरून सगळे परत डब्यात जाते, आणि जाताना माझ्या खणांतले दहा-वीस तुकडेही सोबत घेऊन जाते. काल त्याचे झाकण लागेना, म्हणून मी एक मोठा डबा आणला आणि जुनी चिठ्ठी सोलून त्यावर चिकटवली.